‘सुमिमासेन’चा अर्थ विचारू नका

जपानी शिकायला लागले की ‘सुमिमासेन’ लवकरच भेटतो आणि गोंधळात टाकतो. कुणाला धक्का लागला, सुमिमासेन. वेटरला हाक मारायची, सुमिमासेन. पडलेली छत्री कुणी उचलून दिली, तरी सुमिमासेन! फोड केली तर अर्थ निघतो ‘मिटत नाही’, म्हणजे मनाला लागून राहते असा काहीसा भाव. बोलणाऱ्याच्या डोक्यात यातले काहीही नसते. पोर्तुगीजमध्ये आभार मानताना म्हणतात तो ‘ओब्रिगादो’ म्हणजे मुळात ‘मी बांधील आहे’. बाई बोलत असेल तर ‘ओब्रिगादा’. इटालियन ‘चाओ’ तर व्हेनिसच्या बोलीतल्या ‘गुलाम’ या शब्दातून आला. मित्राचा निरोप घेताना ही गुलामी कुणाला आठवते?

असे शब्द माहिती देत नाहीत, नाते राखतात. मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये अशा बोलण्याला ‘फॅटिक कम्युनियन’ हे नाव दिले.

मेंदूही त्यांना वेगळे वागवतो. वाचाघात झालेल्या काही रुग्णांना साधे वाक्य जुळवता येत नाही, पण नमस्कार किंवा एखादी शिवी अचूक बाहेर पडते. १९व्या शतकात जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञाने हे टिपून ठेवले होते. ठरीव वाक्ये दर वेळी व्याकरण लावून घडवावी लागत नाहीत. ती अख्खीच्या अख्खी उचलली जातात. म्हणून परक्या भाषेतली अशी वाक्ये फोड न करता, प्रसंग आणि सुरासकट पाठ करावीत असे मला वाटते. व्याकरण मागाहून येईल.

शब्दाला शब्द लावायला गेलो की फसगत होते. डॅनिशमध्ये ‘प्लीज’साठी सरसकट चालणारा एक शब्द नाही. आपला ‘कृपया’ आहे खरा, पण तो सूचनाफलकावरच शोभतो. बोलताना आपण ‘देता का जरा?’ म्हणतो आणि सगळे आर्जव त्या ‘का’वर सोपवतो.

आभारांचे तर आणखी वेगळे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ भाषांमधल्या घरगुती गप्पांचे चित्रीकरण तपासले गेले. मागितलेली वस्तू किंवा मदत मिळाल्यावर आभार मानले गेले ते साधारण वीसातून एकदा. इंग्रजी आणि इटालियन बोलणारे त्यातल्या त्यात पुढे. इक्वेडोरमधली चापाला भाषा बोलणाऱ्यांनी मात्र एकदाही मानले नाहीत. मागितले, मिळाले, काम पुढे सुरू.