अंगात येणे

देव, देवी, पितर किंवा भूत आपल्या शरीरात शिरले आहे अशी एखाद्या व्यक्तीला होणारी जाणीव, आणि भोवतालच्या लोकांनी ती खरी मानणे. यालाच ‘वारं येणे’, ‘संचार होणे’ असेही म्हणतात. दक्षिण कोकणात ‘अवसार’, गोव्यात ‘भार’. ज्याच्या अंगात येते त्याला काही भागांत ‘झाड’ म्हणतात.

आरती, नवरात्र, अमावस्या-पौर्णिमा, जत्रा, संबळ-हलगीचा ताल हे नेहमीचे प्रसंग. केस सुटतात, बाई घुमू लागते, आवाज बदलतो. माणसे हात जोडतात, मळवट भरतात, ओटी भरतात आणि विचारतात, ‘आई, आमचं काय चुकलं?’ एरवी डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या सुनेला हा प्रश्न घरात कधीच कोणी विचारलेला नसतो. घटकाभर ती सासऱ्याला अरेतुरे करते, मागणे मागते आणि घर ते निमूट ऐकते. संचार उतरल्यावर पुष्कळदा तिला काही आठवत नाही, बोलल्याचा दोषही तिच्यावर येत नाही. मूल न होणे, मुलीच होणे, नवऱ्याची दारू, तुटलेले माहेर यांविषयी ‘मला सोसवत नाही’ असे म्हणायची सोय नसली, की ते देवीच्या तोंडून बाहेर पडते. म्हणून सरसकट ‘ढोंग’ म्हणणे चुकीचे, आणि निर्दयही. अंगात आल्याचे सांगून पैसे उकळणारे आहेतच. त्यांची गोष्ट वेगळी.

मानसशास्त्र याकडे डिसोसिएशन, म्हणजे भान आणि स्वतःची ओळख यांची तात्पुरती फारकत, म्हणून पाहते. ताण मनाचा असला, तरी त्याचे रूप लहानपणापासून पाहिलेल्या जत्रेतून आणि देवघरातून येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात अशा अवस्थांची स्वतंत्र नोंद आहे; मात्र समाजमान्य धार्मिक विधीत होणारा संचार तिथे आजार धरलेला नाही.

खरा धोका निदानाचा. देवी आली असे ठरले तर ओटी, भूत ठरले तर मिरचीची धुरी, मार, साखळदंड. फेफरे किंवा स्किझोफ्रेनियाही ‘बाहेरचं’ समजून वर्षे वाया जातात. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खासगी आश्रमाला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी वर्षानुवर्षे मागितलेला महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झाला. त्यात अंगात येणे हाच गुन्हा नाही. अंगात शक्ती संचारल्याचे भासवून इतरांना भीती घालणे आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हे गुन्हे आहेत.

गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ उपक्रमातून वेगळी वाट निघाली. दुआ मागायला आलेल्या माणसाला मुजावरच आवारातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात. दुआही चालू राहते, गोळ्याही.