गव्हातलं मटण, मटण खाणाऱ्याच्या दाताखाली

मटण खाणाऱ्यापुढे शाकाहारी 'मटण' ठेवलं की तो पहिला घास जिभेने नाही, दाताने तपासतो. चवीचं काय, कांदा-खोबऱ्याचं वाटण नीट भाजलं तर वांग्यालाही चढतं. पण दाताखाली काहीतरी तटून राहावं आणि मग धाग्याधाग्याने सुटावं, हे पनीरला जमत नाही. फणसाला जमतं, पण त्यात प्रथिनं नावापुरतीच. सोयाबीनच्या वड्यांचा धागा कारखान्यातल्या यंत्रात दाब आणि उष्णता देऊन काढलेला असतो, तो घरी निघत नाही. आपल्या ओट्यावर होण्यासारखं उरतं ते गव्हाचं ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन. श्रावण पाळणाऱ्या, पण तिसऱ्या आठवड्यात अस्वस्थ होणाऱ्या माझ्यासारख्यांच्या ते चांगलंच कामाचं आहे.

एक किलो मैदा घट्ट मळून गोळा तासभर पाण्यात बुडवून ठेवायचा. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की ती एकमेकांत गुंततात आणि त्यांचं जाळं होतं, तेच ग्लुटेन. ग्लुटेनिनच्या लांब साखळ्या गंधकाच्या बंधांनी जोडल्या जातात, त्यातून ताण येतो. ग्लायडिनमुळे गोळा न तुटता लांबतो. मग गोळा पाण्यातच चोळायचा. पाणी पांढरंफेक होतं, ते स्टार्च. दुसऱ्या पाण्याला गोळा विस्कटतो, तुकडे बोटांतून निसटतात आणि सगळा मैदा वाया गेला असं वाटतं. तिथे थांबायचं नाही. तुकडे चाळणीत धरून चोळत राहिलं की ते पुन्हा एकमेकांना धरतात, आणि पाणी जवळजवळ नितळ होईपर्यंत हातात एक राखाडी-पिवळट, चिवट गोळा येतो, जो बोटांना चिकटत नाही, फक्त स्वतःला चिकटतो. भरतो साधारण पाव किलो, त्यातही दोन तृतीयांश पाणी. कणकेतून तो कमी निघतो, कारण कोंड्याचे कण जाळं कापत जातात. खपलीचं ग्लुटेन तर मुळातच दुबळं.

हे पहिल्यांदा शास्त्रीय नजरेने पाहिलं ते इटलीतल्या बोलोन्याचे शास्त्रज्ञ याकोपो बेक्कारी यांनी. १७२८ मध्ये त्यांनी हे काम तिथल्या अकादमीपुढे मांडलं, १७४५ मध्ये ते छापून आलं. पिठाचे दोन भाग वेगळे ठेवल्यावर त्यांना दिसलं की स्टार्च वनस्पतीसारखं वागतं, पण चिकट भाग प्राण्यांच्या मांसासारखा कुजतो. गव्हात मांसासारखं काही असेल, ही त्या काळी चकित करणारीच गोष्ट होती. चीनमधल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकघरांत मात्र हा पदार्थ त्याच्या कितीतरी आधीपासून शिजत होता. आपल्याकडे मारवाड-माळव्यात याच धुतलेल्या गोळ्याची 'चक्की की सब्जी' होते. इंदूरच्या मराठी घरांना ती ठाऊक असेल. महाराष्ट्राने मात्र गव्हाचा दुसरा भाग उचलला. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, पिळून आपण चीक, म्हणजे स्टार्च, ठेवून घेतो आणि प्रथिनं चोथ्यात जातात. काही घरांत त्या चोथ्याच्या वड्या घालतात, एवढाच त्याचा मान.

आता शिजवणं, आणि इथेच मटणवाल्याची सवय आड येते. मटण शिजलं नाही तर आपण आणखी दोन शिट्ट्या करतो, आणि ते बरोबरच असतं: स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजेन बराच वेळ उष्णतेत राहिलं की विरघळून जिलेटिन होतं, मांस सुटं होतं, रस्सा ओठांना चिकटतो. ग्लुटेनमध्ये कोलॅजेन नाही. तापमान वाढेल तसे त्याच्यात नवे बंध तयार होतात आणि ते घट्ट होत जातं. ९० अंशांच्या आसपास ग्लायडिनही त्या जाळ्यात अडकतं. खळाखळा उकळलं तर गोळा फुगतो, आत छिद्रं पडतात आणि घास चावताना पाणी सुटतं. म्हणून ग्लुटेन ओढून लांब पट्टी करायची, तिला पीळ द्यायचा, गाठ मारायची, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून शिट्टी न लावता तासभर वाफवायचं. पीळ दिल्याने जाळं एका दिशेला ओढलं जातं आणि गार झाल्यावर हाताने सोलताना कोंबडीसारखे धागे निघतात. सुरीने कापू नये, फाडावं. फाटलेल्या कडांना मसाला धरतो.

चव मात्र शून्य. गंमत अशी, की प्रथिनं ज्यांच्या साखळीने बनतात त्या अमिनो आम्लांपैकी ग्लुटेनमध्ये जवळजवळ एक तृतीयांश ग्लुटामिन असतं. त्याचंच भावंड असलेलं, मांसासारखी चव देणारं ग्लुटामिक आम्ल जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिटहाउझेन यांनी १८६६ मध्ये ग्लुटेनमधूनच वेगळं केलं होतं, आणि १९०९ पासून जपानमध्ये विकायला आलेलं अजिनोमोटो सुरुवातीला गव्हाचं ग्लुटेन आम्लात फोडूनच बनत असे. पण प्रथिनाच्या साखळीत अडकलेली ही आम्लं जिभेला लागत नाहीत, ती सुटी हवीत. म्हणून सोया सॉस, टोमॅटो, वाळवलेले मशरूम यांचं पाणी वापरायचं. चरबीही आपणच घालायची. तेलात कंजूसी केली तर ग्लुटेन कोरडं लागतं.

पोषणाच्या बाजूने एक उणीव आहे, लायसिन हे अमिनो आम्ल त्यात फार कमी. डाळींत ते भरपूर असतं, म्हणून गोळ्यात थोडं बेसन मळावं. त्याने जाळं थोडं तुटतं आणि घास मऊही होतो. सीलिअॅक आजार असलेल्यांनी या पदार्थाच्या वाटेला अजिबात जाऊ नये, कारण त्यांच्या आतड्याला त्रास देणारं तेच हे प्रथिन, तेही जवळजवळ निव्वळ.

करायचं काय याचं? तांबडा रस्सा करू नये, हे माझं ठाम मत. हाडाशिवाय आणि जिलेटिनशिवाय तो रस्सा पातळच राहतो आणि फसवणूक पहिल्याच भुरक्याला कळते. सुकं करावं, खिमा करावा, चिली चिकनच्या मसाल्यात परतावं. कढई कडकडीत तापवून कडा तांबूस होईपर्यंत परतलं आणि वरून लिंबू पिळलं, की भाकरीबरोबर निम्मं ताट संपेपर्यंत कुणी काही विचारत नाही.