पोरांची पुस्तकं आधी शाळेची होती

मिरजेत आमच्याकडं फार कमी लोकांना माहितीये की देवनागरी छपाईच्या सुरुवातीच्या धडपडीतली एक इथली आहे. नाना फडणीसांना गीता छापून हवी होती, तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरायचं काम पुण्यात सुरू झालं, पण 1800 साली नाना गेले, मग तो कारागीर मिरजेला आला आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानं 1805 मध्ये गीता छापून झाली. पुढच्याच वर्षी पार तिकडं तंजावरात सरफोजीराजांनी इसापच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या, नाव 'बालबोध मुक्तावली', भाषांतर सख्खण पंडितांचं. मराठी पोरांचं पहिलं छापील पुस्तक हेच धरतात. एका राजाला पोरांसाठी गोष्टी छापाव्याशा वाटल्या, हे मला कायम भारी वाटत आलंय.

पुढं मात्र सगळा कारभार शाळेच्या हातात गेला. मुंबईत 1822 ला शाळापुस्तकं काढणारी मंडळी उभी राहिली, एल्फिन्स्टनचा पाठिंबा होता, आणि 1828 मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांचं 'बाळमित्र' आलं, मूळ फ्रेंच, तिथून इंग्रजीत, तिथून मराठीत. छत्र्यांची भाषा गोड आहे, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण पुस्तक विकत घेणार कोण, तर शाळा. मग ज्या गोष्टीतून बोध निघतो तीच छापायची, नुसतं मजेसाठी छापलं तर खर्च निघायचा कसा?

पोरगं स्वतः वाट बघत बसेल असं काहीतरी यायला 1906 उजाडलं, वा. गो. आपट्यांचं 'आनंद' मासिक. माझ्या मते खरा बदल इथं झाला, कारण मासिक घरी यायचं, वर्गात नाही. आपल्या किर्लोस्करवाडीतनं 1920 पासून 'किर्लोस्कर' निघत होतं, नंतर 'स्त्री' आणि 'मनोहर'ही, म्हणजे माळरानावर कारखान्याशेजारी अख्खा मासिकांचा संसार उभा राहिला, पण त्यात लहान पोरांचं असं वेगळं मासिक काही नव्हतं, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. मग 1952 ला मद्रासहून 'चांदोबा' मराठीत आला, रंगीत चित्रं घेऊन. आणि 1971 च्या नोव्हेंबरात बालभारतीनं 'किशोर' काढलं, तेव्हा पाठ्यपुस्तकं छापणारी संस्थाच परीक्षेत न येणारं काहीतरी पोरांच्या हातात द्यायला लागली.

सातारा जिल्ह्यातलं भिलार 2017 मध्ये पुस्तकांचं गाव झालं, तिथं बालसाहित्यालाही जागा आहे. सांगलीत मात्र जूनमध्ये दुकानात गेलं की पुढं सगळी वह्या-गाईडची थप्पी, गोष्टीची पुस्तकं मागच्या कप्प्यात. दुकानदाराला तरी काय बोलणार, त्याचं गिऱ्हाईक शाळेची यादी घेऊनच येतं.