निलंबन आणि दाखला : गोव्यातल्या हायस्कुलांवर देखरेख कुणाची?

मुक्तीनंतर गोव्यात गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या. माध्यमिक शिक्षणाचा भार मात्र मुख्यतः अनुदानित खासगी संस्थांनी उचलला. आजही पगार सरकारी तिजोरीतून जातो आणि शाळा चालवते व्यवस्थापन. एखाद्या मुलाला शाळेतून काढल्यावर जाब कुणी विचारायचा, या प्रश्नाचा गुंता इथूनच सुरू होतो.

राज्याचा शालेय शिक्षण कायदा १९८४चा, नियम १९८६चे. त्यांचा भर संस्था, अनुदान आणि कर्मचारी यांच्यावर आहे. शिक्षकाला बडतर्फ केले तर त्याला प्रशासकीय लवादाकडे दाद मागता येते. विद्यार्थ्यासाठी इतकी रुळलेली वाट नाही. पालक आधी मुख्याध्यापकांकडे, मग भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून शिक्षण संचालकांकडे अर्ज करतात आणि अगदीच नेटाने लढायचे ठरवले तर उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे जातात. एवढ्यात सहामाही उलटलेली असते.

देखरेख करणारा नेहमी मुलाच्याच बाजूने असतो, असेही नाही. १९८५मध्ये केरळात राष्ट्रगीत गात नाहीत म्हणून तीन भावंडांना शाळेतून काढले. ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. काढण्याचा आदेश मुख्याध्यापिकेने दिला खरा, पण शाळा तपासणी अधिकाऱ्याच्या सूचनेवरून. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तिघांना परत घ्यायला लावले.

गोव्याने २००३मध्ये बाल कायदा करून शाळांतली शारीरिक शिक्षा बंद केली. केंद्राच्या शिक्षण हक्क कायद्याच्या बरीच आधी. ‘छडी गेली, आता हातात राहिले काय?’ हा शिक्षकांचा सूर तेव्हापासूनचा. तो अगदीच खोटा नाही. ‘पालकांना घेऊन ये, तोवर वर्गात बसायचे नाही’ ही शिक्षा मग सोयीची वाटू लागली. तिला निलंबन म्हणायचे की नाही, हे कुणी ठरवत नाही, कारण ती कागदावर येतच नाही.

१ एप्रिल २०१० रोजी शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम १६नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना दिली, काढण्याची बंदी मात्र कायम ठेवली. आपली हायस्कुले पाचवी ते दहावीची. तेव्हा एकाच व्हरांड्यात आठवीच्या मुलाला संरक्षण आहे आणि शेजारच्या नववीतल्याला नाही. आणि दहावीच्या शंभर टक्के निकालाची काळजी सुरू होते ती नेमकी नववीत.

नववीतही काढल्याचा लेखी आदेश सहसा निघत नाही. पालकांना बोलावून समजावले जाते : रेकॉर्ड खराब होईल, त्यापेक्षा तुम्हीच एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, मागा. पालक अर्ज लिहून देतात. दाखल्यावर शाळा सोडण्याचे कारण ‘पालकांची विनंती’ आणि वर्तणूक ‘चांगली’. ज्या वर्तणुकीपायी मुलगा गेला, ती कागदावर चांगली! यात शाळेची अब्रू राहते, मुलाला दुसरीकडे प्रवेशही मिळतो, म्हणून दोन्ही बाजू गप्प बसतात. अधिकाऱ्याने तपासायचे तरी काय? आदेशच नाही, तर त्यावर दाद कसली? काढलेल्या मुलांची नोंद शोधण्यापेक्षा वर्षाच्या मध्ये दिलेल्या दाखल्यांचे रजिस्टर उघडले तर जास्त कळेल, पण तपासणीत पाहिला जातो तो अनुदानाचा हिशेब.

त्यात २०१४चा निकाल आला. शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक संस्थांना, त्या अनुदानित असल्या तरी, लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले. गोव्यासाठी ही तळटीप नव्हे. इथल्या अनुदानित हायस्कुलांपैकी बऱ्याच शाळा अशाच संस्थांच्या आहेत आणि तिथे आठवीपर्यंतचे कलम १६चे छत्रही त्या दिवशी गेले. संस्थेची स्वायत्तता जपावी, हे मान्य. पण पगार सरकार देत असेल, तर बारा वर्षांच्या मुलाला काढताना कारण लेखी द्यायला काय हरकत आहे, याचे पटेल असे उत्तर व्यवस्थापनांकडून आलेले नाही. राज्याचा बाल कायदा या शाळांनाही लागू आहे, पण तो मारहाण आणि छळाविरुद्ध उपयोगी पडतो, दाखल्याविरुद्ध नाही.

सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी २०१४च्या निकालाबद्दल शंका घेऊन हा मुद्दा मोठ्या पीठाकडे पाठवण्याची शिफारस केली. तो निकाल उलटला, तर या शाळांतली पाचवी ते आठवीची मुले पुन्हा कलम १६खाली येतील. नववी-दहावी तेव्हाही बाहेरच राहील.