आवारातील जमिनीची धूप : प्रतिबंध आणि दुरुस्ती

गृहसंकुले, उद्याने, संस्थांची आवारे, क्रीडांगणे, फळबागा अशा माणसाच्या देखभालीखालील जागांवरून मातीचा वरचा थर पाण्याने किंवा वाऱ्याने सुटून निघून जाणे, याला आवारातील धूप म्हणता येईल. निसर्गात धूप संथपणे चालूच असते. आवारात ती वेग घेते, कारण छपरे, फरसबंदी, रस्ते आणि पायवाटा पूर्वी विखरून जिरणारे पाणी एकवटतात आणि ते उघड्या जमिनीवर सोडतात. त्यामुळे जिथे माती गेलेली दिसते, तिथे धुपेचे कारण क्वचितच सापडते; ते बहुतेक वेळा चढाच्या बाजूला असते. हेक्टरभर क्षेत्रावरून एक मिलिमीटर थर गेला तर नजरेला काहीच जाणवत नाही, पण तेवढ्यात १० घनमीटर, म्हणजे सुमारे १३ टन माती गेलेली असते, आणि तेवढा थर नव्याने तयार होण्यास कित्येक वर्षे लागतात.

पावसाच्या धुपेची सुरुवात थेंबाच्या आघाताने होते. पाच मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो, ढेकूळ फोडतो आणि सुटलेले बारीक कण मातीच्या छिद्रांत बसवतो. पृष्ठभागावर पापुद्रा धरला की पाणी जिरेनासे होते आणि अपधाव, म्हणजे न जिरता पृष्ठभागावरून वाहणारे पाणी, सुरू होतो. थेंबाच्या या कामगिरीकडे जर्मन शास्त्रज्ञ एवाल्ड वोल्नी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लक्ष वेधले, तर अमेरिकेत संशोधक एलिसन यांनी १९४० च्या दशकात तिचा तपशीलवार अभ्यास केला. पुढे पाणी पातळ थराने माती नेते (सालकाढी धूप), मग बोटभर नाल्या पडतात (ओघळ धूप) आणि शेवटी घळी तयार होतात. ओघळी साध्या मशागतीने बुजतात, घळी बुजत नाहीत. म्हणून ओघळ दिसताच हालचाल करणे हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

जमिनीवरून किती माती जाईल याचा अंदाज देणाऱ्या, अमेरिकी संशोधक विश्मायर व स्मिथ यांनी मांडलेल्या आणि १९६५ व १९७८ मध्ये अमेरिकी कृषी खात्याने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केलेल्या सार्वत्रिक मृदाऱ्हास समीकरणात पावसाची तीव्रता, मातीचा पोत, उताराची लांबी व तीव्रता, आच्छादन आणि संधारणाच्या पद्धती या घटकांचा गुणाकार केला जातो. यांतील पाऊस कोणाच्याच हातात नसतो आणि मातीचा पोत फारसा बदलता येत नाही. आच्छादनाचा घटक मात्र उघड्या, नांगरलेल्या जमिनीसाठी १ धरला, तर दाट गवताखाली तो एक शतांशाच्याही खाली उतरतो. दुसऱ्या कोणत्याही एका उपायाने एवढा फरक पडत नाही, तरी व्यवहारात खर्च प्रथम भिंतींवर होतो, ही खेदाची गोष्ट आहे.

आच्छादन म्हणजे केवळ झाडे लावणे नव्हे. उंच झाडाच्या पानांवर साचून पडणारे थेंब पावसाच्या मूळ थेंबांपेक्षाही मोठे असू शकतात, आणि दाट सावलीमुळे खाली गवत उगवत नसेल तर झाडाखालची जमीन उघड्या जमिनीसारखीच धुपते. संरक्षण मिळते ते जमिनीलगतच्या थरामुळे : गवत, वेली, झुडपे, पालापाचोळा. झाडांखालचा पाला रोज झाडून उचलण्याची सवय म्हणूनच मातीला महागात पडते. बांधकामात सारा भूखंड एकदम मोकळा करण्याऐवजी टप्प्याटप्प्याने उघडावा, वरची सुपीक माती वेगळी रचून झाकून ठेवावी आणि यंत्रांच्या ये-जा करण्याने घट्ट झालेली जमीन लागवडीपूर्वी खोलवर मोकळी करावी.

दुसरे काम पाण्याचे. शंभर चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २,५०० लिटर पाणी जमा होते. ते एकाच नळातून उतारावर सोडले तर तिथे घळ पडणे ठरलेलेच. अशा नळाखाली दगडांचा थर देऊन पाण्याचा जोर मोडावा आणि ते पसरून सोडावे किंवा साठवावे. लांब उतारावर समपातळीवर चर खणून किंवा गवताच्या रांगा लावून उताराचे तुकडे पाडावेत. यासाठी वाळा विशेष उपयोगी आहे, कारण त्याची मुळे सरळ खाली तीन मीटरपर्यंत जाऊ शकतात आणि त्याचे दाट ठोंब गाळ अडवतात. समपातळीत चूक झाली की पाणी सखल जागी साचून चराच्या कडेचा मातीचा बांध फोडते आणि फुटलेल्या बांधाचे पाणी खालच्या बांधावर येते; म्हणून प्रत्येक चराला दगडांनी बांधलेला सांडवा हवा.

घळ पडल्यावर ती माती टाकून बुजवणे ही सर्वांत सर्रास केली जाणारी आणि सर्वांत निरुपयोगी दुरुस्ती आहे. भरलेली सैल माती पुढच्या जोरदार पावसात आधी जाते. घळीचे डोके चढाच्या दिशेने सरकत असते, त्यामुळे प्रथम वरून येणारे पाणी वळवावे, मग डोक्याचा उभा कडा उतरता करून दगडांनी बांधावा आणि त्यानंतर तळात अनगड दगडांचे छोटे बांध घालावेत. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत यावा, असे अंतर ठेवतात. तळाचा उतार सहा टक्के आणि बांधाची उंची ६० सेंटिमीटर असेल तर हे अंतर १० मीटर येते. बांध मध्यभागी खोलगट ठेवावा, दोन्ही काठांत घुसवावा आणि त्याच्या खालच्या अंगाला दगड अंथरावेत. नाहीतर पाणी कडेने वाट काढते किंवा पाया खणते.

उघड्या पडलेल्या तीव्र उतारावर बी पेरून काथ्याची किंवा तागाची जाळी अंथरतात. ताग लवकर कुजतो, काथ्या अधिक काळ टिकतो. जाळी मातीला सर्वत्र चिकटलेली असली आणि तिची वरची कड चरात गाडलेली असली तरच तिचा उपयोग होतो, अन्यथा पाणी तिच्याखालूनच वाहते. साधारणपणे उभ्या एका मीटरला आडवे दोन मीटर यापेक्षा उतार तीव्र असेल, तर केवळ गवतावर भिस्त ठेवू नये. तिथे टप्पे पाडावेत, दगडी पिचिंग (उतारावर दगड बसवून केलेले आवरण) करावे किंवा संरक्षक भिंत बांधावी. पिचिंगखाली खडीचा अथवा जिओटेक्स्टाइलचा (पाणी जाऊ देणाऱ्या पण माती अडवणाऱ्या कापडाचा) गाळणथर नसला तर दगडांच्या फटींतून माती निघून जाते आणि दगड खचतात. भिंतीमागे साचलेल्या पाण्याचा दाब मातीच्या दाबात भर घालतो, म्हणून मागे खडी आणि भिंतीत निचऱ्याची छिद्रे ठेवणे अत्यावश्यक आहे. उंच भिंतीचा आराखडा अभियंत्याकडूनच करून घ्यावा.

पहिल्या जोरदार पावसानंतर, शक्य असल्यास पाऊस चालू असतानाच, आवारात फिरून पाणी प्रत्यक्षात कुठून जाते ते पाहावे. दगडी बांधामागे साचलेला गाळ काढण्याऐवजी त्यावर गवत लावले तर घळीचा तळ हळूहळू वर येतो. सांडवे आणि गाळ धरण्यासाठी मुद्दाम केलेली तळी मात्र नियमित मोकळी करावी लागतात. उतारावर ठिकठिकाणी लोखंडी सळया ठोकून त्यांची जमिनीवरची उंची प्रत्येक पावसाळ्याआधी आणि नंतर मोजली, तर माती किती गेली आणि उपाय लागू पडला की नाही, हे अंदाजावर सोडावे लागत नाही.