कॅबिनेट लहान, बिल मोठं

मुंबईच्या संगणक-बाजारात, लॅमिंग्टन रोडवर पीसी असेंबल करून घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक बुचकळ्यात पडतं ते इथे: डबा लहान, पत्रा कमी, मग पैसे जास्त का? याचं उत्तर बरंचसं मदरबोर्ड (प्रोसेसर, रॅम ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) कॅबिनेटमध्ये बसवायच्या, 1995 साली ठरलेल्या स्क्रूच्या भोकांमध्ये आहे.

त्याआधी राज्य होतं आयबीएमच्या 1984 च्या 'एटी' या पीसीचं. बोर्ड सुमारे 12 बाय 13.8 इंचांचा. पुढे त्याचाच आटोपशीर 'बेबी एटी' बाजारात रुळला. बोर्डावर थेट सॉकेट असायचं ते बहुधा कीबोर्डचंच. बाकीचे पोर्ट पट्टीसारख्या वायरींनी मागे आणायचे. एसएमपीएसचे (वीज पुरवणाऱ्या डब्याचे) दोन कनेक्टर शेजारी-शेजारी लागत. दोघांच्या काळ्या वायरी मध्यभागी एकमेकींना चिकटून आल्या तर ठीक, अदलाबदल झाली तर बोर्ड जळालाच म्हणून समजा.

इंटेलने 1995 मध्ये एटीएक्स हे बोर्डाचं नवं ठरलेलं माप आणून हा गोंधळ मिटवला. 12 बाय 9.6 इंचांचा बोर्ड, पोर्ट बोर्डालाच जोडलेले, एसएमपीएसचा 20 पिनांचा एकच कनेक्टर आणि तोही उलटा न बसणारा. पण टिकाऊ ठरल्या त्या स्क्रूच्या जागा. 1997 अखेरीस मायक्रो-एटीएक्स आला, 9.6 इंचांचा चौरस, कार्डं बसवायचे स्लॉट सातऐवजी चार. त्याची भोकं एटीएक्सच्या कॅबिनेटशी जुळतील अशीच ठेवली होती. म्हणजे लहान बोर्ड मोठ्या डब्यात बसतो, मोठा लहानात नाही. कॅबिनेटवाल्याला नवा साचा नको, दुकानदाराला वेगळा माल भरायला नको. आज इंटेलच्या 'एच' किंवा एएमडीच्या 'ए' मालिकेच्या चिपसेटचे (बोर्डावरच्या नियंत्रक चिपचे) स्वस्त बोर्ड बहुतेक याच मापात निघतात. कमी बजेटमध्ये नवा पीसी बांधायचा तर माझं मत सरळ मायक्रो-एटीएक्सला.

ही घडी मोडायचा प्रयत्न खुद्द इंटेलनेही केला. पेंटियम 4 तापू लागला तेव्हा हवा नीट खेळावी म्हणून 2004 च्या सुमारास बीटीएक्स हे वेगळ्या मांडणीचं माप आणलं. दोनेक वर्षांत थंड डोक्याचे 'कोअर' प्रोसेसर आले आणि बीटीएक्स गुंडाळलं गेलं.

मिनी-आयटीएक्सचा जन्म मात्र वेगळ्याच घरातला. तैवानच्या व्हिया कंपनीने 2001 मध्ये 17 सेंटिमीटर चौरसाचा हा बोर्ड काढला तो स्वतःच्या, वीज कमी खाणाऱ्या प्रोसेसरसाठी. प्रोसेसर बोर्डावरच बसवलेला, काही मॉडेलांना पंखाही नाही. पुढे गेमर मंडळींना हा आकार आवडला आणि तेवढ्याच जागेत पूर्ण ताकदीच्या प्रोसेसरचं सॉकेट, त्याला वीज पुरवणारी सर्किटं, एसएसडीचे स्लॉट असं सगळं कोंबावं लागलं. त्यासाठी बोर्डाची रचना दाट झाली, आणि खप बेताचाच असल्याने दरही चढाच राहिला. रॅमचे स्लॉट सहसा दोनच, कार्डासाठी जागा एकच. कॅबिनेट खरंच चिमुकलं असेल तर एसएमपीएसही छोट्या एसएफएक्स मापाचा लागतो. तेवढ्याच वॉटचा नेहमीचा एटीएक्स सहसा त्याहून स्वस्त पडतो. गंमत म्हणजे याही बोर्डाची चार भोकं एटीएक्सशी जुळतात. त्यामुळे भलामोठा डबा आणि तळहाताएवढा बोर्ड असा अजब संसारही थाटता येतो. महागडा बोर्ड घेऊन जागाही वाचवायची नाही, हे काही मला पटत नाही.

लहान आणि स्वस्त हे दोन्ही जमतं ते तिसऱ्या वाटेने. कार्यालयांतून बाहेर पडलेले लेनोवो, डेल, एचपीचे पुस्तकाएवढे मिनी पीसी रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले पण तपासून-दुरुस्त केलेले, मिळतात. त्यांचं पॉवर अडॅप्टर लॅपटॉपसारखं बाहेर आणि रॅमही लॅपटॉपचीच, त्यामुळे डेस्कटॉपची जुनी रॅम त्यात चालणार नाही. लिखापढी, टॅली, मुलांचा ऑनलाइन अभ्यास यांना ते पुरून उरतात. गेमिंगसाठी मोठं ग्राफिक्स कार्ड नंतर बसवू, असा बेत असेल तर मात्र त्यांच्या वाटेला जाऊ नये.