घरी बांधलेल्या रेट्रो संगणकाचे मूलस्तरीय दोषशोधन

६५०२ (१९७५) किंवा झेड८० (१९७६) हा ८ बिटांचा प्रोसेसर, रॉम, रॅम आणि सिरीयल चिप (अक्षरे एका तारेवरून बिटामागून बिट पाठवणारी) एवढ्यावर उभा केलेला संगणक चालत नसेल, तेव्हा दोष जोडणीत आहे की रॉममधल्या कोडमध्ये, हे शोधण्याची पद्धत. अशा यंत्रावर ऑपरेटिंग सिस्टिम नसते, पडद्यावर संदेशही उमटत नाही. म्हणून जो भाग तपासून झाला त्याच्याच आधारावर पुढचा भाग तपासतात.

सुरुवात कोडशिवाय होते. ५ व्होल्टचा पुरवठा चिपच्या पिनांवरच मोजावा, ४.७५ च्या खाली गेल्यास पुढची तपासणी व्यर्थ. इंटरप्ट (मध्येच थांबवण्याचा संकेत), वेट (वाट पाहायला लावणारा संकेत) यांसारख्या न वापरलेल्या इनपुट पिना मोकळ्या ठेवू नयेत, पुलअप रेझिस्टरने वर, म्हणजे ५ व्होल्टला, बांधाव्यात. मग रॉम काढून डेटा बसवर (आकडे नेणाऱ्या तारांच्या जुडग्यावर) रेझिस्टरांनी नॉप, म्हणजे ‘काही करू नको’, या आज्ञेचा आकडा बांधतात: ६५०२ साठी ईए, झेड८० साठी ०० (हे आणि पुढचे सर्व कोड व पत्ते हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात). प्रोसेसर आता नुसते पत्ते मोजत जातो. १ मेगाहर्ट्झच्या ६५०२ वर ए० या पत्त्याच्या सर्वांत खालच्या तारेवर २५० किलोहर्ट्झ मिळतात, पुढच्या प्रत्येक तारेवर निम्मे, आणि सर्वांत वरच्या ए१५ वर सुमारे ७.६ हर्ट्झ, म्हणजे एलईडीची उघडझाप डोळ्यांना दिसते. झेड८० प्रत्येक आज्ञेनंतर रिफ्रेशचा (डायनॅमिक रॅम ताजी ठेवण्याचा) पत्ताही बसवर ठेवतो. तिथे एम१ (आज्ञा आणण्याचा) आणि आरडी (वाचण्याचा) हे संकेत खाली, म्हणजे ० वर, असतानाचाच पत्ता खरा धरावा.

दुसऱ्या पायरीवर रॉम बसते, पण रॅमवर विश्वास नसतो. त्यामुळे कोडमध्ये जेएसआर किंवा कॉल (उपप्रोग्रामकडे जाण्याच्या आज्ञा) चालत नाही, कारण परतीचा पत्ता स्टॅकवर म्हणजे रॅममध्येच जातो. आउटपुट पोर्टवर आकडा लिहिणारा चार ओळींचा लूप पुरतो. तोही चालला नाही तर आधी रॉमची फाइल पाहावी. ६५०२ रीसेटनंतर एफएफएफसी-एफएफएफडी इथून सुरुवातीचा पत्ता घेतो, खालचा बाइट आधी. ३२ केबीची रॉम ८००० पासून असेल तर फाइलमध्ये ती जागा ७एफएफसी येते. ही जागा सरकली तर निरोगी बोर्ड मेलेला वाटतो. झेड८० थेट ०००० पासून सुरू होतो. त्याची रॉम निवडलीच गेली नाही आणि बसला पुलअप असतील, तर तो एफएफ वाचतो; ती आरएसटी ३८, म्हणजे परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवून ००३८ वर जाण्याची आज्ञा. मग तो ००३८ वरच अडकून स्टॅकवर ००३९ लिहीत खाली उतरतो. रॅमभर ३९ ००, ३९ ०० दिसले की निदान झालेच.

रॅमच्या तपासणीत एक फसवणूक ठरलेली आहे: ५५ लिहून लगेच वाचले तर चिप नसलेल्या सॉकेटमधूनही ५५ परत येऊ शकते, कारण मोकळी बस थोडा वेळ शेवटचा आकडा धरून ठेवते. आधी प्रत्येक जागी तिच्या पत्त्यावरून काढलेला आकडा लिहावा, पूर्ण रॅम भरल्यावरच वाचायला घ्यावे. पत्त्याची तुटलेली तारही यातच सापडते.

सिरीयलवर कचरा अक्षरे आली तर बहुधा वेग चुकलेला असतो. ६८५० या सिरीयल चिपला ७.३७२८ मेगाहर्ट्झ दिले तर ६४ ने भागून ११५२०० बॉड (सेकंदाला बिट) मिळतात; कंट्रोल रजिस्टरमध्ये आधी ०३ (मास्टर रीसेट), मग हेक्स १६ लिहावे. डब्ल्यू६५सी५१एन या दुसऱ्या सिरीयल चिपमध्ये मात्र ‘पाठवणी रिकामी’ हा बिट कायम १ असतो. त्यावर थांबणारा कोड अक्षरे गाळतो, तिथे ठरावीक विलंबाचाच लूप लावावा लागतो.